फोटोत उरलेलं कोपर

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या कडेला असलेल्या एका मैदानावर, दक्षिण वेल्समधल्या एका गावाचा रग्बी संघ स्थानिक क्लबकडून हरला. पाहुण्यांना एकही ट्राय करता आला नाही, म्हणजे चेंडू एकदाही यजमानांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवता आला नाही. सामन्यानंतर त्यांच्या अध्यक्षांनी यजमानांना एक जुना फोटो भेट दिला. फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर होतं. ते कोणाचं हे अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. यजमान संघाच्या प्रशिक्षकांना ठाऊक होतं, आणि ते त्याच क्षणाची वाट पाहत होते.

आता पुन्हा ऑक्टोबर आला आहे. इथे ऋतू बदलल्याचं पहिल्यांदा खिडकीच्या काचेला कळतं. उन्हाळाभर तिला बाहेरून घाम सुटलेला असतो. एका सकाळी ती कोरडी दिसते, आणि बिल्डिंगभर एसी बंद करून बाल्कनीची दारं उघडली जातात. त्याच आठवड्यात मैदानावरचे फवारे सुरू होतात. पुनर्वापराच्या पाण्याचा उबट, किंचित कुजका वास हिरवळीतून वर येतो. कारखान्यांच्या शेडमागे सूर्य उतरतो, जबल अली बंदराकडून कामगारांच्या बसेस परतायला लागतात, आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडून कोणीतरी ओरडतं, “यल्ला, गर्ल्स, यल्ला!” ‘चला, चला’ म्हणणारा हा आवाज ईव्हान यांचा. त्या आवाजासरशी गेला हिवाळा जसाच्या तसा समोर येतो.

ईव्हान साठी ओलांडलेले. वेल्सहून आखातात येऊन त्यांचं अर्धं आयुष्य झालं. जबल अलीच्या बंदरात क्रेनच्या देखभालीवर होते. आता क्लबच्या पुरुषांना आणि शाळकरी मुलींना रग्बी शिकवतात. बोलतात इंग्रजीत, इथे त्यांचं म्हणणं मराठीत दिलं आहे.

त्यांची ओळख सानिकामुळे झाली. सानिका आमची मुलगी, पंधरा वर्षांची, दुबईतच वाढलेली. तिने हा खेळ निवडला तेव्हा तिच्या बाबांचं, म्हणजे मिलिंदचं, म्हणणं असं होतं: “अगं, कबड्डी खेळ, खो-खो खेळ. गेला बाजार बॅडमिंटन आहे. मान मोडून घ्यायचा खेळच सापडला का तुला?”

“बाबा, इट्स ऑल टेक्निक.”

“ते टेक्निक हाडांच्या डॉक्टरला सांग.”

“कोच सेज आय ॲम स्टबर्न इनफ फॉर इट.”

“त्यांना एका सरावात कळलं? आम्हाला पंधरा वर्षं लागली.”

तिला हूकरची जागा मिळाली. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांना घट्ट धरून समोरच्यांना रेटतात. पुढच्या रांगेत अगदी मध्ये असतो तो हूकर. दोन्ही संघांच्या मधल्या फटीत टाकलेला चेंडू पायाने मागे ओढणं हे त्याचं काम. त्याचे दोन्ही हात शेजारच्या दोघांच्या खांद्यांवर गुंतलेले असतात, त्यामुळे रेट्याखाली तोल गेला तरी त्याला हात टेकता येत नाहीत. हे पालकांना समजावून सांगताना ईव्हान म्हणाले होते, “माझे आजोबा याच जागेवर खेळायचे. वेल्सकडून.”

आजोबांचं नाव ग्लिन. तो कोळशाच्या खाणीत कामाला होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो वेल्सकडून सहा सामने खेळला. याला दुजोरा मिळतो: त्या काळची वर्तमानपत्रं आता संगणकावर वाचता येतात, आणि सहाही सामन्यांच्या बातम्यांत पुढच्या रांगेत त्याचं नाव आहे. नावापलीकडे फारसं काही नाही. धावत जाऊन ट्राय करणाऱ्याला परिच्छेद मिळतो. चेंडू ज्याच्या पायाने मिळाला त्याचा उल्लेख संघाच्या यादीतच संपतो. पहिल्या सामन्यानंतर त्याला लाल मखमलीची, झुपका लोंबणारी टोपी मिळाली. देशाकडून खेळणाऱ्याला ती एकदाच मिळते. खेळ हौशी होता आणि त्याचा मोबदला घेणं हा गुन्हा होता. सामन्यासाठी खाणीत खाडा पडायचा, खाड्याची मजुरी कापली जायची, आणि सोमवारी सकाळी देशाचा खेळाडू इतरांबरोबर लोखंडी पिंजऱ्यात उभा राहून जमिनीखाली जायचा.

मग खाण आठवड्यातले बरेच दिवस बंद राहू लागली. इंग्लंडच्या उत्तरेला रग्बीचा दुसरा प्रकार खेळला जायचा. त्यात तेरा जण असायचे आणि पगार मिळायचा. तिकडून एक माणूस एका दुपारी घरी आला. ग्लिनने सही केली. “तो उत्तरेला गेला” एवढं म्हटलं की वेल्समध्ये पुढचं सांगावं लागत नसे. पगार घेणाऱ्यावर जन्माची बंदी होती. खेळायचं नाही, शिकवायचं नाही, क्लबात पाय ठेवायचा नाही. ही बंदी गेल्या शतकाच्या अखेरीस उठली. तोवर ग्लिन हयात नव्हता.

उत्तरेत त्याने तीन हिवाळे काढले. मुलगी तिथेच झाली. मग गुडघा गेला आणि तो बायको-मुलीला घेऊन गावी परतला. पहिल्याच शनिवारी तो क्लबच्या दारात गेला. दारात उभा असलेला माणूस त्याच्याच शेजारी पुढच्या रांगेत खेळलेला होता. तो म्हणाला, “ग्लिन, तुला माहिती आहे ना.” ग्लिन म्हणाला, “आहे,” आणि परत फिरला. ईव्हान यांच्या घरी हे असंच सांगतात. या संवादाला दुसरा आधार नाही.

आत भिंतीवर क्लबच्या सर्वांत नावाजलेल्या संघाचा फोटो होता. अख्खा हंगाम न हरलेला संघ. त्यात ग्लिन मागच्या रांगेत अगदी उजवीकडे उभा होता, हाताची घडी घालून. फोटो उतरवला असता तर बाकीचे चौदाही उतरले असते. कमिटीने फ्रेम उघडली, फोटोभोवतीचा पुठ्ठा उजव्या बाजूला रुंद ठेवून नव्याने कापला, आणि परत बसवला. ग्लिन पुठ्ठ्यामागे गेला. खालच्या नावांतून त्याचं नाव गेलं. फक्त शेजाऱ्याच्या छातीसमोर आलेलं त्याचं उजवं कोपर तेवढं बाहेर राहिलं. ते झाकायचं तर शेजारीही झाकला गेला असता.

पुढे ग्लिनच्या बायकोला कामाची गरज पडली. क्लबने तिला साफसफाईला ठेवलं. नवऱ्याला दार बंद, बायकोच्या हातात झाडू. ती जमीन पुसायची आणि भिंतीवरच्या फ्रेमच्या काचाही पुसायची. सोबत मुलगी असायची. एकदा तिने काचेवर बोट ठेवून मुलीला सांगितलं, “हे बघ, तुझे बाबा.” मुलीने पाहिलं. कोपर दिसलं. ती मुलगी म्हणजे ईव्हान यांच्या आई. गेल्या हिवाळ्यात त्या नव्वदीच्या होत्या, वेल्समधल्या एका वृद्धाश्रमात.

त्यांनी मुलाला एकच गोष्ट बजावून ठेवली होती: मागायचं नाही. ज्यांनी झाकलं त्यांनी आपल्या हातांनी उघडलं पाहिजे. आपण हात पसरला तर उलट उपकार होतील. ईव्हान यांच्यापुढचं काम त्यामुळे अवघड झालं होतं. आई डोळ्यांनी पाहू शकते आहे तोवर ग्लिन पुठ्ठ्यामागून बाहेर यायला हवा, आणि तोंडातून मागणीचा शब्द जाता कामा नये.

राग असा टिकत नाही. राग येतो, भांडी आपटतो, जातो. सूड ठेवावा लागतो, या दमट गावात लोणचं ठेवतात तसा: कोरडा हात, घट्ट दट्ट्या, आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी उघडून बघणारं. तीन पिढ्यांनी ते केलं होतं. आमच्याकडे डूख धरणं हा शब्द सापाच्या नावाने वापरतात. हे काम माणसांचंच आहे. सापाला इतका वेळ नसतो.

गेल्या सप्टेंबरमध्ये, सराव सुरू व्हायच्या आधी, ईव्हान गाडीच्या खिडकीशी आले आणि फोन पुढे केला. मी पूर्वी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते हे कळल्यापासून ते मला ‘एडिटर’ म्हणतात.

“एडिटर, हे वाचा. यात मी काही मागतोय का?”

गावच्या क्लबला पाठवायचा ईमेल होता. हिवाळ्यात दुबईला या, एक मैत्रीपूर्ण सामना खेळू, राहायची सोय बघतो. शेवटी दोन वाक्यं होती: आमच्या क्लबची भिंत रिकामी आहे. तुमच्या जुन्या दिवसांची एखादी आठवण आणलीत तर तिथे लावू.

“शेवटचं वाक्य मागणं आहे,” मी म्हटलं.

त्यांनी ते काढलं. “आता?”

“आता फक्त भिंत रिकामी आहे. हे विधान झालं.”

“खरं विधान आहे. जाऊन बघा हवं तर.”

“पण ते तोच फोटो आणतील कशावरून?”

“दुसरं काय आणणार?” ईव्हान म्हणाले. “त्यांच्याकडे एकच चांगला हंगाम आहे.”

ईमेलखाली त्यांचं आडनाव होतं, म्हणजे वडिलांकडचं. त्यावरून कोणाला ग्लिन आठवण्याचं कारण नव्हतं.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर रेटारेटीत गेले. मिलिंद याच इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये फॅब्रिकेशनच्या कंपनीत प्रॉडक्शन बघतो. ईव्हान यांना स्क्रमच्या सरावासाठी लोखंडी घसरगाडा हवा होता. मिलिंदने स्क्रॅपमधून करून द्यायचं कबूल केलं आणि विचारलं, किती वजनाचा?

“एका गावाएवढ्या,” ईव्हान म्हणाले.

मिलिंदने घरी येऊन विचारलं, “हा माणूस ठीक आहे ना गं?”

गाडा आला. क्लबचे पुरुष दिवसा बँकेत, गोदामात, विमानतळावर काम करणारे: दोन दक्षिण आफ्रिकन, एक लेबनीज, केनियाचे भाऊ-भाऊ, कोचीचा एक अकाउंटंट. संध्याकाळी ते त्या गाड्याला खांदे लावून रेटायचे. हिरवळीवर दोन समांतर चर उमटले. दिव्यांच्या उजेडात पाठींवरून वाफ निघताना दिसायची. ईव्हान शिट्टी वाजवायचे, गाडा थांबायचा, ते म्हणायचे, “पुन्हा.” धाव, पास, झेल यांचा सराव जवळजवळ बंद होता. लेबनीज खेळाडूने एकदा चिडून विचारलं, “हबीबी, आपण रग्बी खेळणार आहोत की फर्निचर हलवणार आहोत?” ईव्हान म्हणाले, “फर्निचर.”

शेजारच्या अर्ध्या मैदानात मुलींचा सराव चालायचा. चेंडू पायाने ओढायची ग्लिनची एक खास लकब होती: पाय लांबवायचा नाही, कमरेतून वळायचं आणि टाचेने बोलवायचं. मुलींना तो खेळ खेळायची सोय नव्हती त्या काळात त्याने ती आपल्या मुलीला शिकवली, स्वयंपाकघरात, टेबलाच्या पायांमध्ये कोबीचा गड्डा ठेवून. तिने ईव्हान यांना शिकवली आणि ईव्हान यांनी सानिकाला. सानिकाने घरी डायनिंग टेबलखाली गड्डा ठेवला. त्या हिवाळ्यात आमच्याकडे कोबीची भाजी फार झाली.

सामन्याच्या दिवशी हवा निवळ होती. पाहुणे नाकं लाल करून, उन्हाचं कौतुक करत आले. शाळेतले शिक्षक, नळकाम करणारे, एक दंतवैद्य. त्यांचे अध्यक्ष ह्यू, निवृत्त मुख्याध्यापक, प्रत्येकाशी हात मिळवत फिरले. कडक चहा त्यांना इतका आवडला की त्यांनी तीन वेळा घेतला. यांच्यापैकी कोणीही ग्लिनचं काही वाकडं केलेलं नव्हतं. हे नोंदवायला हवं.

पहिल्याच स्क्रममध्ये पाहुणे मागे गेले. दुसऱ्यात जास्त. मध्यंतरापर्यंत त्यांच्या पुढच्या रांगेतल्या शिक्षकाला उभं राहताना गुडघ्यांवर हात ठेवावे लागत होते. यजमानांना चेंडू मिळाला की तो बाहेर काढून पळायची मुभा होती. त्यांनी ती क्वचित घेतली. ते रेटत राहिले. ईव्हान रेषेवर हात मागे बांधून उभे होते, ओरडले नाहीत, हसले नाहीत. दर वेळी स्क्रम कोसळला की त्यांचे ओठ हलायचे. “पुन्हा.”

मिलिंद कुजबुजला, “ही मॅच नाहीये. हा वचपा काढतोय.”

सामना संपल्यावर सगळे क्लबच्या केबिनमध्ये जमले. बिर्याणीची ताटं होती, समोसे होते. ह्यू उभे राहिले. म्हणाले, तुमची भिंत रिकामी आहे असं कळलं, म्हणून आमच्या भिंतीवरच्या सर्वांत लाडक्या फोटोची प्रत करून आणली. त्यांनी कागद फाडला. चौदा माणसं, लाकडी फ्रेम, खाली ओळीत नावं.

ईव्हान यांनी फ्रेम दोन्ही हातांनी घेतली. “नावं वाचून दाखवाल? आमच्या मुलांना कळू देत. डावीकडून उजवीकडे.”

ह्यूंनी चष्मा लावून वाचली. मुख्याध्यापकाचा आवाज, प्रत्येक नाव स्वच्छ. शेवटचं नाव झालं. टाळ्या सुरू होणार तेवढ्यात समोशांचं ताट घेऊन फ्रेमजवळ उभी असलेली सानिका म्हणाली, “देन हूज एल्बो इज दॅट?”

तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ह्यू वाकले. “अरे, खरंच की. कमिटीतलं कोणी असेल.”

“माझे आजोबा,” ईव्हान म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं: खाण, टोपी, उत्तरेला जाणं, दार, पुठ्ठा, आणि काच पुसणारी बाई. कुठेही आवाज चढला नाही. मागच्या बाकावरचा एक म्हातारा पाहुणा जमिनीकडे बघत म्हणाला, “आमच्या घरी ठाऊक होतं.” ह्यूंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. ते लाल झाले होते, आता पांढरे पडले.

“तुम्ही सांगायचं होतं,” ह्यू म्हणाले. “एक ओळ लिहिली असती तरी आम्ही त्याच दिवशी फ्रेम उघडली असती.”

“म्हणूनच लिहिली नाही.”

“आम्ही माफी मागतो. गेल्या गेल्या उघडतो. हा फोटो परत द्या, मी पूर्ण फोटो पाठवतो.”

“भेट आहे,” ईव्हान म्हणाले. “भेट परत देत नाहीत.” खिळा आधीच ठोकलेला होता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला फोटोओळ लिहायला सांगितली. फ्रेम टेबलावर उघडी होती. खालच्या चौदा नावांवर त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली होती. फोटोओळीत त्यांना फक्त एक नाव हवं होतं.

डेस्कवर पहिल्या दिवशी शिकवतात की फोटोत दिसणाऱ्या प्रत्येकाचं नाव द्या, आणि एकालाही वगळू नका. मी ते सांगितलं. हेही सांगितलं की पुठ्ठा कमिटीने कापला होता, या चौदांनी नाही.

“कापला नाही,” ईव्हान म्हणाले. “त्याखाली बसून आयुष्यभर बिअर प्यायले.”

मी ओळ लिहिली. उजवीकडे, कोपर: ग्लिन, हूकर, वेल्स. मजकुरात चूक नव्हती.

मिलिंद म्हणाला, “सॉरी म्हणाले ना बिचारे. आता खलास करा की.”

फेब्रुवारीत पार्सल आलं. क्लबने फ्रेम उघडली होती. पुठ्ठ्यामागे फोटो शाबूत होता. पूर्ण प्रत होती, पंधरा नावं होती. ग्लिन सगळ्यांत बुटका निघाला. कान मोठे, डोळे उन्हामुळे बारीक केलेले, हाताची घडी. ईव्हान यांनी केबिनमधूनच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. मी आणि सानिका तिथेच होतो. पडद्यावर पांढऱ्या केसांची, छोट्या चेहऱ्याची बाई बराच वेळ जवळ येऊन बघत होती.

“डोळे असेच बारीक करायचे,” त्या म्हणाल्या. “फ्रेम कोणी उघडली?”

“त्यांनीच. ह्यूंनी स्वतः. मी मागितलं नाही, आई.”

“चांगलं केलंस.” मग त्यांनी विचारलं, “आणि तो दुसरा?”

“अजून भिंतीवर आहे. उतरवू का? त्यांनी माफी मागितली आहे.”

“तुझी मागितली,” त्या म्हणाल्या. “ती काच माझ्या आईने पुसली. राहू दे.”

मे महिन्यात त्या गेल्या. पूर्ण फोटो त्यांच्या खोलीत पलंगासमोर लावलेला होता.

सप्टेंबरमध्ये ह्यूंचा ईमेल आला. गावच्या क्लबात पंधरा नावांचा फोटो लागला आहे. मात्र दुबईच्या भिंतीचा फोटो कोणीतरी इंटरनेटवर टाकला, आणि त्या चौदांपैकी एकाच्या नातीला आजोबांच्या नावावरची पट्टी पाहून वाईट वाटलं. पट्टी काढता येईल का, अशी विनंती होती. ईव्हान यांनी गाडीच्या खिडकीशी येऊन फोन पुढे केला.

“एडिटर, यात ते मागतायत का?”

“मागतायत.”

त्यांनी फोन खिशात ठेवला.

या ऑक्टोबरच्या पहिल्या सरावाला केबिन उघडली तेव्हा उन्हाळ्याच्या दमटपणाने पट्टीचं एक टोक सुटलेलं होतं आणि खालचं एक नाव अर्धं दिसत होतं. ईव्हान यांनी पट्टी परत चिकटवली. फ्रेम सानिकाने धरली होती.